मुरबाडच्या नाना शंकरशेटांनी ठाणे-कल्याणला रेल्वे आणली, पण तिचे पैसे भरले कोणी?

सकाळी आठच्या सुमाराला डोंबिवली स्टेशनवर फास्ट लोकल पकडणं काय असतं, हे ज्याने अनुभवलंय त्याला वेगळं सांगायला नको. पण खरी लढाई त्याच्याही आधी सुरू होते. घरातून निघून स्टेशन गाठायचं असतं. बस कधी येईल याचा नेम नाही, शेअर रिक्षाला रांग, आणि चालत जावं म्हटलं तर फुटपाथवर कुठे बाइक, कुठे दुकानाची पाटी, कुठे खोदून ठेवलेला खड्डा.

बस वाढवा म्हटलं की उत्तर येतं, पैसे नाहीत. फुटपाथ करा म्हटलं की उत्तर येतं, पैसे नाहीत. मग पैसे द्यायचे कोणी? जो प्रवास करतो त्याने तिकिटातून, की अख्ख्या शहराने करातून?

हा प्रश्न आजचा वाटतो, पण तो ठाण्यात पहिली रेल्वे आली त्याच्याही आधीचा आहे. आणि तो ज्या माणसाच्या आयुष्यात वेगवेगळ्या रूपांत पुन्हा पुन्हा आला, तो माणूस आपल्याच ठाणे जिल्ह्यातला. जगन्नाथ शंकरशेट मुरकुटे, म्हणजेच नाना शंकरशेट.

शाळेच्या पुस्तकात नाना भेटतात ते मुंबईचे आद्य शिल्पकार म्हणून. चौकाला नाव, शिष्यवृत्तीला नाव, एशियाटिक सोसायटीत पुतळा. पण रेल्वे, रस्ते आणि कर या तीन गोष्टी एकत्र ठेवून नानांचं आयुष्य वाचलं की वेगळंच काहीतरी दिसायला लागतं.

मुरबाडचा मुलगा, गिरगावचा शेट

नानांचा जन्म १० फेब्रुवारी १८०३ चा, मुरबाडचा. कल्याणहून माळशेज घाटाकडे निघालात की वाटेत लागतं तेच मुरबाड. घराणं दैवज्ञ समाजातलं, व्यापारात मुरलेलं. मुंबईत त्यांची मोठी पेढी होती. आई लहानपणीच गेली. १८२२ मध्ये वडील शंकरशेट गेले तेव्हा नाना जेमतेम १९ वर्षांचे होते. मोठी इस्टेट आणि भला मोठा व्यापार त्यांच्या अंगावर आला.

तेव्हाची मुंबई कशी होती? सात बेटं जोडून होत आलेली होती, पण मुख्य जमिनीशी नातं अजून कच्चंच होतं. नाना जन्मले त्याच वर्षी शीवचा बांध पूर्ण झाला आणि मुंबई बेट साष्टीशी रस्त्याने जोडलं गेलं. बोरघाटातून बैलगाड्या जाऊ शकतील असा रस्ता झाला १८३० मध्ये. त्याआधी देशावरचा माल बैलांच्या पाठीवरून घाट उतरायचा आणि पुढे पनवेल, कल्याण अशा बंदरांतून होडीने मुंबईत यायचा. पावसाळ्यात हे सगळंच ठप्प.

म्हणजे व्यापाऱ्याच्या घरातल्या मुलाला रस्ता म्हणजे काय आणि तो नसला की काय होतं, हे कोणी शिकवायची गरजच नव्हती.

पण नाना फक्त पेढीवर बसले नाहीत. मुंबईत शाळा काढण्यासाठी जी मंडळी पुढे आली, त्यात ते अगदी तरुणपणी सामील झाले. एल्फिन्स्टन संस्थेच्या उभारणीत ते होते. १८४५ मध्ये सुरू झालेल्या ग्रँट मेडिकल कॉलेजच्या मागे ते होते. १८४८-४९ च्या सुमाराला मुलींना शिकवणं म्हणजे समाजाचा रोष ओढवून घेणं होतं, तेव्हा त्यांनी गिरगावातल्या स्वतःच्या वाड्यात मुलींच्या शाळेला जागा दिली. ग्रँट रोडला नाटकाचं थिएटर उभं राहिलं तेही त्यांच्याच जागेवर.

रस्ता झाडायचे पैसे कोण देणार?

१८३० च्या दशकात नाना मुंबईच्या पहिल्या भारतीय जस्टिस ऑफ द पीस मंडळींपैकी एक झाले. नाव ऐकून हे कोर्टकचेरीचं पद वाटतं. पण या मंडळींकडे आणखी एक काम होतं, आणि आपल्या गोष्टीत तेच महत्त्वाचं आहे.

मुंबईत तेव्हा आजच्यासारखी महापालिका नव्हती. ब्रिटिश पार्लमेंटने १७९३ मध्ये केलेल्या कायद्याने शहराची साफसफाई, गस्त आणि रस्तादुरुस्ती यांची जबाबदारी या जस्टिस मंडळींवर टाकली होती. आणि त्याचा खर्च भागवण्यासाठी घरमालकांवर कर बसवायची परवानगीही दिली होती. आजच्या घरपट्टीची ही पणजी म्हणा ना.

यातली गंमत बघा. रस्ता वापरणारा प्रत्येक जण काही घरमालक नव्हता. रस्त्यावरून हमाल जायचा, कोळीण जायची, गाडीवान जायचा. पण करआकारणी व्हायची घरावर. कारण समोर रस्ता चांगला असला की घराची, दुकानाची किंमत वाढते, हे तेव्हाही कळत होतं. रस्त्यावर चालणाऱ्याकडून पावलागणिक पैसे घेता येत नाहीत. म्हणून सगळ्यांनी मिळून भरायचं आणि सगळ्यांनी वापरायचं. चालण्याच्या जागेचा हिशेब आजही असाच आहे.

दुसरा मार्ग होता दानाचा. माहीम आणि वांद्रे यांच्यामध्ये खाडी होती. माणसं होडीने जीव मुठीत धरून जायची. सरकार बांधासाठी खर्च करायला तयार नव्हतं. शेवटी सर जमशेटजी जीजीभाई यांच्या पत्नी आवाबाई यांनी १ लाख ५७ हजार रुपये दिले आणि १८४५ मध्ये माहीमचा कॉजवे खुला झाला. त्यांची अट एकच, लोकांकडून टोल घ्यायचा नाही.

दान मोठं होतं, पण प्रत्येक रस्त्याला एक आवाबाई मिळत नाही. शहर चालवायचं तर पैशाची कायमची सोय लागते. नाना आणि जमशेटजी दोघेही दानशूर होते. तरी रेल्वेची वेळ आली तेव्हा दान पुरणार नाही हे दोघांनाही ठाऊक होतं.

रेल्वेचं स्वप्न आणि पाच टक्क्यांची हमी

इंग्लंडमध्ये लिव्हरपूल ते मँचेस्टर रेल्वे १८३० मध्ये सुरू झाली होती. मुंबईत ही कल्पना १८४३ च्या आसपास जोर धरू लागली. सरकारी इंजिनिअर जॉर्ज क्लार्क यांनी मुंबईपासून कुर्ला, ठाणे आणि पुढे घाटाकडे जाणाऱ्या मार्गाचा विचार मांडला. १८४५ च्या सुमाराला मुंबईतल्या व्यापाऱ्यांनी यासाठी संघटना उभी केली. त्यात नाना आणि जमशेटजी ही दोन नावं आघाडीवर होती. तिकडे लंडनमध्ये जॉन चॅपमन नावाचा गृहस्थ ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, म्हणजे जीआयपी कंपनी, काढायच्या खटपटीत होता. दोन्ही प्रयत्न पुढे एकत्र आले आणि नाना जीआयपीच्या संचालकांपैकी एक झाले. कंपनीचं सुरुवातीचं ऑफिस नानांच्या वाड्यातच होतं, असंही सांगितलं जातं.

पण गाडी अडली पैशावर.

इंग्लंडमधले गुंतवणूकदार विचारायचे, की हिंदुस्थानातले लोक रेल्वेत बसतील याची खात्री काय? ईस्ट इंडिया कंपनी टाळाटाळ करत होती. शेवटी तोडगा निघाला तो हमीचा. १८४९ मध्ये पार्लमेंटने जीआयपीला मान्यता दिली आणि कंपनीचा ईस्ट इंडिया कंपनीशी करार झाला.

करार साधा होता. रेल्वे कंपनीने सुरुवातीला ५ लाख पौंडांचं भांडवल उभं करायचं. त्यावर ईस्ट इंडिया कंपनी दरवर्षी ५ टक्के परताव्याची हमी देणार. जमीन फुकट देणार, ९९ वर्षांसाठी.

आता हे सोपं करून बघू. ५ लाख पौंडांवर ५ टक्के म्हणजे वर्षाला २५ हजार पौंड. तेव्हा एक पौंड साधारण १० रुपयांचा, म्हणजे अडीच लाख रुपये. समजा तिकिटं आणि मालवाहतुकीतून खर्च जाऊन फक्त एक लाख उरले, तर उरलेले दीड लाख कोण देणार? सरकारी तिजोरी. रेल्वे भरून जावो की रिकामी, लंडनमधल्या शेअरहोल्डरचे ५ टक्के पक्के.

भारतातली पहिली सार्वजनिक रेल्वे तिकिटाच्या भरवशावर उभीच राहिली नाही. पहिल्या दिवसापासून तिच्या मागे करदात्याचा पैसा होता.

१६ एप्रिल आणि १ मे

३१ ऑक्टोबर १८५० ला शीवजवळ काम सुरू झालं. मुख्य इंजिनिअर जेम्स बर्कली. खाजणं भरायची, खाडीवर पूल घालायचे, आणि ठाण्याच्या पुढे पारसिकचे डोंगर उभे होतेच.

१६ एप्रिल १८५३. दुपारी साडेतीनच्या सुमाराला बोरीबंदरहून १४ डबे आणि सुमारे ४०० पाहुणे घेऊन गाडी सुटली. साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं लावलेली. २१ तोफांची सलामी झाली. गव्हर्नर लॉर्ड फॉकलंड या दिवशी शहरात नव्हते, पण त्यांचा बँड वाजत होता. ३४ किलोमीटरचा प्रवास करून गाडी ठाण्याला पोहोचली. तिथे पाहुण्यांसाठी तंबू ठोकून खाण्यापिण्याची व्यवस्था केलेली होती. पाहुण्यांत रेल्वेचे संचालक होते, त्यात नानाही.

वर्षभराने, १ मे १८५४ ला, गाडी कल्याणला पोहोचली. आज आपण महाराष्ट्र दिन साजरा करतो तीच तारीख.

लोक गाडीत बसणार नाहीत, हा अंदाज सपशेल चुकला. लोक आले, आणि सगळ्यात जास्त गर्दी झाली ती तिसऱ्या वर्गात. साहेबांच्या पहिल्या वर्गाने नाही, तर बाकावर दाटीवाटीने बसलेल्या साध्या माणसांनी ही गाडी भरली. त्या गर्दीचे वारस आज रोज सकाळी कल्याण आणि डोंबिवलीच्या प्लॅटफॉर्मवर उभे असतात. तेव्हाची डोंबिवली मात्र एक लहानसं गाव होती. ती वाढली रेल्वेच्या जिवावर, पुढच्या शतकात.

मग बिल कोणाकडे गेलं?

इथे गोष्ट जरा कडू होते.

ईस्ट इंडिया कंपनीच्या तिजोरीत पैसा यायचा तो मुख्यतः शेतसाऱ्यातून. त्यानंतर अफू आणि मीठ. म्हणजे पाच टक्क्यांची हमी निघत होती ती शेतकऱ्याच्या साऱ्यातून आणि गरिबाच्या मिठातून. नानांच्या मुरबाडचा शेतकरी सारा भरत होता, मिठावरचा कर भरत होता. पण त्याच्या गावाला रेल्वे नव्हती. रेल्वेचा मार्ग ठरला तो बंदर, कापूस आणि घाट बघून. मँचेस्टरच्या गिरण्यांना देशावरचा कापूस हवा होता, मुंबईच्या व्यापाऱ्यांना तो लवकर बंदरात हवा होता.

ही पद्धत पुढे देशभरच्या रेल्वे कंपन्यांना लागू झाली. कितीतरी वर्षं अनेक मार्ग पाच टक्केही कमवत नव्हते आणि फरक हिंदुस्थानच्या तिजोरीतून लंडनला जात होता. नफ्याची हमी असल्यामुळे काटकसरीने बांधायची कंपन्यांना घाई नव्हती. दादाभाई नौरोजींनी देशातून वाहून जाणाऱ्या संपत्तीचा जो हिशेब पुढे मांडला, त्यात रेल्वेच्या भांडवलावरचं व्याजही होतं.

नाना या व्यवस्थेच्या आत होते. ते संचालक होते, व्यापारी होते, रेल्वे त्यांच्याही फायद्याची होती. हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पण त्यांच्या आयुष्याची दुसरी बाजू याच काळात घडली, आणि ती आपण सहसा वेगळ्या धड्यात वाचतो.

कर आमचा, मग खुर्ची का नाही?

बोरीबंदरहून पहिली गाडी सुटली त्याच्या आठच महिने आधी, २६ ऑगस्ट १८५२ ला, मुंबईत बाँबे असोसिएशनची स्थापना झाली. पश्चिम भारतातली ही पहिली राजकीय संघटना. अध्यक्ष नाना शंकरशेट. बरोबर दादाभाई नौरोजी, डॉ. भाऊ दाजी लाड अशी तरुण मंडळी.

ईस्ट इंडिया कंपनीची सनद १८५३ मध्ये नव्याने ठरणार होती. असोसिएशनने थेट ब्रिटिश पार्लमेंटकडे अर्ज पाठवला. त्यातल्या तक्रारींचा गाभा असा, की इथला कारभार खर्चिक आहे, लोकांच्या उपयोगी कामांवर त्यातला फार थोडा पैसा जातो, आणि निर्णय घेणाऱ्या कौन्सिलमध्ये इथल्या माणसाला जागाच नाही.

म्हणजे एका हाताने नाना करदात्यांच्या हमीवर रेल्वे आणत होते, आणि दुसऱ्या हाताने त्या करदात्याला निर्णयात वाटा मागत होते. योगायोग म्हणा किंवा काही म्हणा, पण या दोन गोष्टी एकाच वर्षात एकाच माणसाने केल्या.

लगेच काही मिळालं नाही. १८५७ चा उठाव झाला तेव्हा तर नानांवरच बंडवाल्यांना मदत केल्याचा संशय घेतला गेला. चौकशी झाली, त्यात काही निघालं नाही. पुढे १८६१ च्या कायद्याने कौन्सिलांची दारं भारतीयांसाठी किलकिली झाली आणि १८६२ मध्ये नाना मुंबईच्या कायदेमंडळात नियुक्त सभासद म्हणून बसले. निवडून नाही, नेमून. पण आत.

शहराच्या कारभारातही ते गप्प बसणारे नव्हते. गिरगावजवळच्या सोनापूर इथली स्मशानभूमी शिवडीकडे हलवायचा सरकारचा विचार होता. नानांनी विरोध केला. लोक प्रेत खांद्यावरून चालत नेतात, तेवढ्या लांब न्यायचं कसं, हा साधा मुद्दा होता. स्मशानभूमी हलली नाही. शहर पायी चालणाऱ्याच्या अंतराने मोजायचं, हे यातून आपोआप कळतं.

शेवटची वर्षं

१८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे सुरू झाली, १८६५ मध्ये थळघाटातून. हे दोन घाट फोडताना अपघात आणि रोगराईत हजारो मजूर गेले. त्यांची नावं कुठल्याही स्टेशनला नाहीत. रेल्वेची किंमत फक्त रुपयांत मोजली जात नाही, हेही इथेच नोंदवायला हवं.

त्याच काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं होतं. तिथला कापूस बंद झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. शहरात पैशाचा पूर आला. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले आणि अर्धी मुंबई बुडाली.

त्याच १८६५ मध्ये मुंबईच्या कारभारासाठी नवा कायदा आला. नगरपालिकेला स्वतंत्र कमिशनर मिळाला, आर्थर क्रॉफर्ड, आणि जस्टिस ऑफ द पीस मंडळींची मिळून नगरपालिका बनली. शहराने स्वतः कर गोळा करायचा आणि रस्ते, गटारं, दिवे, बाजार यांवर खर्च करायचा, ही व्यवस्था पक्की होऊ लागली.

नाना ते बघायला फार दिवस राहिले नाहीत. ३१ जुलै १८६५ ला, वयाच्या ६२ व्या वर्षी, ते गेले. त्यांच्या नावाने मॅट्रिकला संस्कृतमध्ये पहिल्या येणाऱ्या विद्यार्थ्याला शिष्यवृत्ती सुरू झाली. पुढे ती मिळवणाऱ्यांत चिंतामणराव देशमुखही होते, स्वतंत्र भारताचे अर्थमंत्री.

नाना गेल्यावर सात वर्षांनी, १८७२ च्या कायद्याने, मुंबई नगरपालिकेच्या ६४ पैकी निम्म्या जागा करदात्यांनी निवडून द्यायच्या ठरल्या. जो कर भरतो त्याला मत. सगळ्यांना नाही, ठरावीक कर भरणाऱ्यांनाच. पण १८५२ च्या अर्जातली मागणी एका शहरात का होईना, थोडी खरी झाली.

ठाणे-कल्याणही मागे नव्हते. कल्याणला नगरपालिका आली १८५५ मध्ये, म्हणजे रेल्वे आल्यावर वर्षभरात. ठाण्याला १८६३ मध्ये. आधी गाडी आली आणि पाठोपाठ शहराचा कर आला.

आज आपण किती ठिकाणी पैसे भरतो?

आता परत डोंबिवलीच्या प्लॅटफॉर्मवर येऊ. सार्वजनिक प्रवासासाठी आपण फक्त तिकीट काढतो असं वाटतं. पण जरा मोजून बघा.

लोकलच्या नव्या मार्गिका ज्या एमयूटीपी प्रकल्पातून होतात, त्याचा खर्च रेल्वे आणि राज्य सरकार मिळून उचलतात. त्यासाठी १९९९ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई रेल्वे विकास महामंडळात केंद्राचा वाटा ५१ टक्के आणि राज्याचा ४९ टक्के. म्हणजे तुम्ही लोकलने जा किंवा जाऊ नका, वाटा तुमचाही आहे.

ठाण्यात घर घेतलंत तर मुद्रांक शुल्कासोबत १ टक्का मेट्रो अधिभार भरावा लागतो. मधली काही वर्षं तो थांबवला होता, १ एप्रिल २०२२ पासून मुंबई, ठाणे, पुणे, नागपूर अशा शहरांत पुन्हा सुरू झाला. ६० लाखांचं घर असेल तर ६० हजार रुपये. मेट्रो आली की घराचा भाव वाढतो, तर त्यातला थोडा हिस्सा मेट्रोला द्या, हा त्यामागचा विचार. १७९३ च्या घरपट्टीमागे हेच तर्कशास्त्र होतं.

ठाण्याची टीएमटी १९८९ मध्ये आणि कल्याण-डोंबिवलीची केडीएमटी १९९९ मध्ये सुरू झाली. दोन्हींचा खर्च तिकिटातून भागत नाही, फरक महापालिकेच्या अनुदानातून भरला जातो. आणि महापालिकेच्या उत्पन्नात मोठा वाटा तुमच्या घरपट्टीचा. मुंबईच्या घरपट्टीच्या बिलात तर पथकर असा वेगळा रकानाच असतो. मुंबईत बेस्टने काही वर्षं वीजबिलावर आकार लावून बसचा तोटा भरून काढला होता. बसमध्ये न बसणाऱ्याने बसचे पैसे का द्यायचे, यावरून त्याचा मोठा वाद झाला.

जगात याची वेगवेगळी उत्तरं शोधली गेली. पॅरिस भागात १९७१ पासून ठरावीक संख्येपेक्षा जास्त कामगार असलेल्या कंपन्यांवर पगाराच्या प्रमाणात वाहतूक कर आहे, कारण कामगार वेळेवर पोहोचला तर फायदा कंपनीचाच. लॉस एंजेलिसमध्ये २०१६ मध्ये लोकांनी मतदान करून स्वतःवर अर्धा टक्का विक्रीकर लावून घेतला, ट्रेन, बस आणि रस्त्यांसाठी. तिथे कोणत्या कामाला किती पैसा जाणार, हे मत देण्याआधी छापून लोकांसमोर ठेवलं होतं.

आपल्याकडे अडचण नेमकी इथे आहे. कर आपण भरतोच, पण तो एका मोठ्या हंड्यात पडतो. त्यातून किती पैसा उड्डाणपुलाला गेला, किती बसला गेला आणि किती फुटपाथला, हे सामान्य माणसाला एका नजरेत कळत नाही. मोठ्या पुलाचं उद्घाटन होतं, त्याचा फोटो येतो. दीड मीटर रुंद, मोकळ्या, सावली असलेल्या फुटपाथचं उद्घाटन करायला कोण येणार? पण लोकलने जाणारा प्रत्येक माणूस आधी पायी चालणारा असतो. तो स्टेशनला पोहोचतो रस्त्यावरूनच.

आणि खुर्चीचं काय? कल्याण-डोंबिवलीत २०२० नंतर आणि ठाण्यात २०२२ नंतर काही वर्षं महापालिकेत निवडून आलेले नगरसेवकच नव्हते. कारभार प्रशासकाच्या हातात होता. घरपट्टीची बिलं मात्र वेळेवर येत होती. १८५२ मध्ये नानांनी ज्यासाठी अर्ज केला, तो प्रश्न ठाणे-कल्याणकरांनी आपल्या डोळ्यांनी पुन्हा बघितला.

मुरबाडची गाडी

मुंबई सेंट्रल स्टेशनला नानांचं नाव द्यायचा निर्णय राज्य सरकारने घेतला. गंमत म्हणजे मुंबई सेंट्रल पश्चिम रेल्वेवर आहे आणि नानांनी आणलेली रेल्वे मध्य रेल्वेची. नाव कुठेही द्या, हरकत नाही.

पण नानांच्या जन्मगावी, मुरबाडला, अजूनही रेल्वे नाही. कल्याण-मुरबाड हा साधारण २८ किलोमीटरचा मार्ग मंजूर झाला. त्यातही घोडं अडलं ते खर्चावरच, आणि निम्मा वाटा उचलायला राज्य सरकारने तयारी दाखवल्यावर गोष्ट पुढे सरकली. म्हणजे इथेही आधी पैसे कोण भरणार हे ठरावं लागलं, मगच रुळांचं बोलणं.

बोरीबंदर ते ठाणे हे ३४ किलोमीटरचं अंतर कापायला त्या काळी करार, हमी आणि बांधकाम धरून दहा वर्षं लागली. मुरबाडचा शेतकरी तेव्हापासून कर भरतोय.

पुढच्या वेळी घरपट्टीचं बिल आलं की ते नुसतं भरून टाकू नका. त्यातले रकाने वाचा. मग आपल्या वॉर्डातल्या नगरसेवकाला दोनच गोष्टी विचारा. यातला किती पैसा बसला जातो, आणि किती फुटपाथला?